गुप्तहेराला चेहरा मिळाला तेव्हा

माझा पहिला गुप्तहेर मी पाहिला नाही, ऐकला. माहूरला, बाजारगल्लीतल्या एका शिंप्याच्या दुकानात. मी सातवी-आठवीत असेन. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि दुकानात नव्या कपड्यांपेक्षा रफूची कामं जास्त येत. मास्तरांच्या शिवणयंत्रामागे, भिंतीतल्या कोनाड्यात, रेणुकामातेच्या तसबिरीखाली एक मर्फीचा रेडिओ होता. त्याला मास्तरांच्या पत्नीनं भरतकामाचं झाकण शिवलेलं होतं आणि ते झाकण दूर करायचा अधिकार मास्तरांखेरीज कुणालाच नव्हता.

माहूर म्हणजे डोंगर. एका शिखरावर रेणुकामाता, दुसऱ्यावर दत्त, तिसऱ्यावर अनसूयामाता, शेजारी रामगडाची तटबंदी आणि खाली वळसा घालून गेलेली पैनगंगा. देवांना सोयीची असलेली ही जागा रेडिओलहरींना मात्र अजिबात सोयीची नव्हती. दिवसा काही लागत नसे. अंधार पडला की नागपूर, हैदराबाद, परभणी असं एकेक केंद्र डोंगराआडून खरखरत यायचं. मास्तर बटण केसाएवढं फिरवायचे आणि मग त्या खरखरीतून 'इन्स्पेक्टर ईगल' उगवायचा. ईगल फ्लास्कवाल्यांचा तो प्रायोजित कार्यक्रम. विविध भारतीवर १९६७ साली मुंबई, पुणे, नागपूरपासून जाहिराती सुरू झाल्या आणि त्यांच्या पाठोपाठ असे प्रायोजित कार्यक्रम आले. विनोद शर्मांचा आवाज, तो हिंदीतला, आमच्यापैकी निम्म्यांना निम्मा कळायचा. पण खून कळायला भाषा लागत नाही. दार करकरलं, पावलं वाजली, बाई किंचाळली की दुकानातले सगळे मान पुढे काढायचे. मास्तरांची कात्री कापडावर तशीच थांबायची.

या ठिकाणी एक सांगून टाकतो. आमच्या आयुष्यातला पहिला इन्स्पेक्टर ईगल नव्हता, तो रेडिओच्या लायसन्सचा इन्स्पेक्टर होता. रेडिओ बाळगायचा तर पोस्टात दरवर्षी पैसे भरून पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यावा लागे. मास्तरांनी एखादं वर्ष चुकवलेलं असायचं. त्यामुळे अनोळखी पँटवाला माणूस गल्लीत दिसला की आधी रेडिओवर झाकण पडायचं, मग त्यावर एखादा अर्धा शिवलेला सदरा. ऐंशीच्या दशकात ते लायसन्स एकदाचं गेलं, पण तोवर रेडिओचं राज्यही उतरणीला लागलं होतं.

तर ईगल. एकदा ऐन मोक्याला बॅटरी बसली. खुनी कोण हे सांगण्याआधी आवाज दूर दूर जात विहिरीत पडल्यासारखा नाहीसा झाला. नव्या बॅटऱ्या किनवटहून आणाव्या लागत. दुसऱ्या दिवशी गल्लीत तीन तट पडले. किराणा दुकानदाराच्या मते खुनी मुनीमच होता, कारण मुनीम फार गोड बोलत होता. शाळेतल्या गुरुजींना डॉक्टरचा संशय. आणि मास्तरांचा हरकाम्या पोरगा म्हणाला, "काहून, ती मेलेली बाईच खोटी नसंल कशावरून?" यावर कुणी काही बोललं नाही. पण त्या पोराला त्या दिवसापासून चहाच्या वेळी गणतीत धरायला लागले, एवढं मला आठवतं.

त्याच आठवड्यात आणखी एक वाद झाला. ईगल दिसतो कसा? गुरुजींच्या मते तो सडपातळ, गोरा, चष्मेवाला. मास्तर म्हणाले की एवढ्या भारदस्त आवाजाचा माणूस आडवा असणार, छाती चाळीस तरी. हरकाम्याचा ईगल काळासावळा होता आणि त्याला मिशी नव्हती. तो पोरगा स्वतः काळासावळा होता आणि त्याला मिशी फुटायची होती. सहा माणसांच्या दुकानात सहा ईगल बसलेले असत आणि सगळे एकाच खुन्याच्या मागावर असत. तेव्हा ही गंमत वाटली होती. पुढे नोकरीत एक प्रसंग घडला आणि त्या गंमतीचं मोल कळलं. त्या प्रसंगाकडे येतो.

आधी धंद्याची थोडी माहिती. मी कादंबऱ्या लिहिल्या, गुप्तहेरकथा एकही जमली नाही. पण ती रचावी कशी याचा नाद पुष्कळ केला. रेडिओवरच्या श्रुतिकेला एक मोठी अडचण असते आणि तीच तिची शिस्तही होते. ऐकणाऱ्याला पाच-सहांपेक्षा जास्त आवाज लक्षात ठेवता येत नाहीत. म्हणजे संशयित पाच-सहाच. दुसरं, पुरावा दाखवता येत नाही, तो बोलावा लागतो. टेबलावर रक्ताचा डाग आहे हे कुणीतरी म्हटलंच पाहिजे, पण ते अशा रीतीनं की ऐकणाऱ्याच्या कानावरून जावं आणि मनात राहावं. म्हणून गुप्तहेराला एक सोबती लागतो, थोडा मंद, थोडा भाबडा, प्रश्न विचारणारा. वॉटसन होम्सला जितका हवा त्याहून जास्त रेडिओला हवा होता. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयला छोटू होता. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, १९९६ साली वयाच्या नव्वदीत ते गेले. नांदेडच्या स्टँडवर मिळालेल्या, पुठ्ठे निघालेल्या त्यांच्या पुस्तकांवर आमची एक पिढी वाचायला शिकली. आमच्या गल्लीत ती पुस्तकं मोठ्यानं वाचली जात. एक वाचायचा, दहा ऐकायचे. झुंजार आणि काळापहाड आम्हाला कानांनीच भेटले. रेडिओ नव्हता त्या घरातही त्यांची श्रुतिका होत होती असंच म्हणायला हवं.

अमेरिकेत हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर झाला. चाळिशीच्या आणि पन्नाशीच्या दशकांत तिथल्या रेडिओवर खाजगी गुप्तहेरांची रांग लागली होती. त्यातला माझा आवडता जॉनी डॉलर. मी बँकेतला माणूस, म्हणून असेल. हा गडी विमा कंपन्यांसाठी दाव्यांची चौकशी करायचा आणि सगळी गोष्ट तो प्रवासखर्चाच्या बिलातून सांगायचा. बाब पहिली, विमानाचं तिकीट. बाब दुसरी, टॅक्सी. बाब तिसरी, एका माणसाला पाजलेली दारू, आणि त्या माणसानं काय सांगितलं ते. शेवटी बेरीज आणि सही. मी आयुष्यात शेकडो टीए बिलं पास केली. प्रत्येक बिलात एक गोष्ट दडलेली असते हे मला कुणी सांगायला नको. किती वेळा ती गोष्टच असते हेही नको. १९४९ साली सुरू झालेला जॉनी डॉलर ३० सप्टेंबर १९६२ला संपला आणि अमेरिकन रेडिओनाट्याचा तो जुना जमाना त्याच रात्री संपला असं तिकडचे लोक मानतात. टीव्हीवर त्याचं बस्तान कधी बसलं नाही. मला वाटतं ते बरोबर झालं. खर्चाचं बिल दाखवण्यात काय राम आहे, ते ऐकायचं असतं.

बाकीचे मात्र गेले. 'ड्रॅगनेट' १९४९ला रेडिओवर आलं आणि दोन वर्षांत टीव्हीवर. तो पोलिसांचा कार्यक्रम, पण वाट तीच. रिचर्ड डायमंड हा खाजगी गुप्तहेर रेडिओवर डिक पॉवेलच्या आवाजात वावरायचा. पॉवेल मुळात गाणारा नट, त्यामुळे त्याचा गुप्तहेर गुन्हा उकलून झाला की गाणंही म्हणायचा. १९५७ साली डायमंड टीव्हीवर आला तो डेव्हिड जॅन्सनचा चेहरा घेऊन. त्या मालिकेत डायमंडला फोनवरून निरोप देणारी सॅम नावाची एक बाई होती. तिचा आवाज ऐकू यायचा, पाय दिसायचे, चेहरा कधीच दाखवला जायचा नाही. मेरी टायलर मूर पुढे मोठी नटी झाली, तिची सुरुवात ही अशी पायांपासून. यात चावटपणा आहेच. पण मला त्यात दुसरंही दिसतं. सगळं दाखवायची सोय हाती आल्यावर त्या मंडळींना चुकल्यासारखं झालं असावं, आणि निदान एक माणूस तरी त्यांनी प्रेक्षकाच्या कल्पनेसाठी राखून ठेवला.

आपल्याकडे टीव्ही मराठवाड्यात पोचला तो १९८४च्या आसपास, छोट्या प्रक्षेपकांच्या लाटेत. मुंबईला दूरदर्शन १९७२पासूनच होतं, पण आम्हाला मुंबईपेक्षा दिल्ली जवळ झाली. १९८५ला 'करमचंद' आला. पंकज पराशरचं दिग्दर्शन, पंकज कपूर करमचंद आणि सुश्मिता मुखर्जी त्याची किटी. मी तेव्हा बँकेत लागून तीन वर्षं झाली होती. करमचंद गाजर खायचा, काळा चष्मा लावायचा, बुद्धिबळं मांडून बसायचा आणि किटीला गप्प करायचा. आम्हाला तो प्रचंड आवडला. बँकेत दुपारच्या डब्यात गाजर आणायची टूम निघाली. पण बघा, दुसऱ्या दिवशी आम्ही बोलायचो ते गाजराबद्दल. खुनी कोण असेल याबद्दल नाही. खुनी कोण हे आम्ही आदल्या रात्री पहिल्या पाच मिनिटांत ओळखलेलं असायचं. कशावरून? चेहऱ्यावरून. तो नट नेहमी खलनायकाचं काम करायचा, किंवा त्याच्या गालावर व्रण होता, किंवा त्याचे डोळे तसे होते. आमचा अंदाज पुष्कळदा चुकायचाही, लेखक मंडळी हुशार होती. पण अंदाज बांधायचा तो चेहऱ्यावर, ही सवय काही चुकल्यामुळे गेली नाही.

आता तो प्रसंग. १९८९ साल. मी लातूर जिल्ह्यातल्या एका शाखेत दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होतो, ज्याला तेव्हा अकाउंटंट म्हणत. गावाचं नाव घेत नाही, बँकेचंही नाही. एका बचत खात्यातून चार हजार दोनशे रुपये तीन विड्रॉल स्लिपांवर निघाले. खातेदार पुण्याला मुलाकडे राहायचे, पाच-सहा वर्षांनी आले, पासबुक भरून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, हे पैसे मी काढले नाहीत." सह्या खोट्या होत्या, पण बऱ्या खोट्या होत्या. म्हणजे कुणीतरी सहीचं कार्ड समोर ठेवून सराव केला होता. कार्डांचा ट्रे ज्या कपाटात असे तिथे जाणारे चौघे-पाच जण. संशयित पाच, म्हणजे अगदी श्रुतिकेला शोभतील इतके.

त्यातला एक शिपाई होता. तांड्यावरचा. धिप्पाड, डोळे कायम तांबारलेले, भुवईवर लहानपणीच्या कसल्याशा जखमेचा व्रण, बोलणं कमी. लेजरं उचलून आणायचं काम त्याचं. मॅनेजर साहेब रजेवर, प्राथमिक अहवाल मला पाठवायचा होता. मी त्यात लिहिलं की सदर कर्मचाऱ्याचं वर्तन संशयास्पद वाटतं. वर्तन कसलं? मी त्याला बोलावलं तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं. गेल्याच शुक्रवारी कुठल्याशा मालिकेत चोर असाच जमिनीकडे बघत उभा होता, हे मला अहवाल लिहिताना आठवलं होतं. मी खोटं सांगत नाही. नेमकं तेच दृश्य आठवलं होतं आणि मी स्वतःच्या तीक्ष्ण नजरेवर खूश झालो होतो.

त्याला निलंबित केलं. पोलिसांनी दोन रात्री ठाण्यात बसवून ठेवलं. तिथे काय झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. त्या वर्षी त्याच्या मुलीचं जमत आलेलं लग्न मोडलं, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

तीन महिन्यांनी वरच्या कार्यालयातून चौकशी अधिकारी आले. निवृत्तीला वर्षभर राहिलेले, जाड भिंगांचा चष्मा, मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालेलं, दुसरं व्हायचं. आल्या आल्या म्हणाले, "देशमुखी थाटाचा चहा नको, साधा सांगा, आणि रजिस्टरं काढा." त्यांना बारीक अक्षर वाचवत नव्हतं. मला समोर बसवलं आणि म्हणाले, "तुम्ही वाचा, मी ऐकतो." हजेरीपट, टोकन बुक, कॅश स्क्रोल, रजा रजिस्टर. मी वाचत होतो आणि ते डोळे मिटून पाटीवर बोटानं ताल धरल्यासारखे बसले होते. मला वाटलं, म्हातारा झोपला. दोन तास झाले. रजा रजिस्टरात मी वाचलं : शिपाई अमुक अमुक, पोहरादेवी यात्रेसाठी तीन दिवस किरकोळ रजा, मंजूर. ते म्हणाले, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. "तारखा वाचा." तारखा वाचल्या. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी तो रजेवर होता. तीनपैकी दुसरी स्लिप त्याच तारखेची होती. "रजा कुणी मंजूर केली?" त्यांनी विचारलं. खाली सही माझी होती.

त्यांनी मला एक शब्द लावून बोलले नाहीत. पुढच्या दोन दिवसांत त्यांनी लेजरमधल्या नोंदींवरून एका कारकुनाला गाठलं. गोरा, नीटनेटका, घोटीव अक्षराचा, गणेशोत्सवात नाटकात नायकाचं काम करणारा मुलगा. त्यानं कबूल केलं. त्याच्या चेहऱ्यावरून कुठल्याही दिग्दर्शकानं त्याला चोराचं काम दिलं नसतं. शिपाई कामावर परत आला, थकलेला पगार मिळाला. तो पूर्वीसारखाच वेळेवर यायचा, टेबलावर पाणी ठेवायचा. फरक एवढाच की पूर्वी तो मला "भाऊ" म्हणायचा, नंतर "साहेब" म्हणायला लागला. माझी बदली होईपर्यंत दोन वर्षं मी ते "साहेब" ऐकत होतो. त्याची माफी मागायचं माझ्या मनात पुष्कळदा आलं. मी मागितली नाही.

माझं पाप मी करमचंदच्या गाजरावर ढकलत नाही. आपल्या देशात आख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला. स्वातंत्र्यानंतर तो जायला १९५२ उजाडावं लागलं आणि त्यातून सुटलेल्यांना आपण 'विमुक्त' म्हणायला लागलो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आहेत, पारधी, कैकाडी, वडार, रामोशी आहेत. गावात चोरी झाली की पोलीस आधी तांड्यावर जातात हे मी टीव्ही येण्यापूर्वीही पाहिलेलं आहे. टीव्हीनं ती नजर तयार केली नाही. पण रोज रात्री अर्धा तास तिची तालीम मात्र करून घेतली. गुन्हेगाराला चेहरा हवा, तर तो आणायचा कुठून? मुंबईच्या स्टुडिओत बसलेला माणूस आपल्या डोक्यातल्या पेटीतून काढणार आणि त्या पेटीत शे-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी भरून ठेवलेलेच चेहरे असणार. रेडिओवरचा खुनी काळा की गोरा हे मास्तरांच्या दुकानात प्रत्येकानं आपापलं ठरवलं होतं. किराणा दुकानदाराला मुनीम खुनी वाटला तो त्याच्या बोलण्यावरून, म्हणजे त्यानं काय केलं यावरून. त्याचं अनुमान चूक असेल, पण ते अनुमान तरी होतं.

इथे कुणी म्हणेल, रेडिओही काही सोवळा नव्हता. खरं आहे. रेडिओवरचा गडी नेहमी गावठी बोलायचा, खलनायकाच्या घशात खडे असायचे, मोलकरीण म्हटली की एक ठरावीक हेल. आमची मराठवाडी बोली मुंबई-पुण्याच्या श्रुतिकांत आली ती बहुधा हसवण्यापुरती. आवाजालाही जात असते, प्रांत असतो. पण आवाज ऐकायला वेळ लागतो. माणूस चार वाक्यं बोलल्याशिवाय त्याचा शिक्का पक्का होत नाही, आणि त्या चार वाक्यांत तो काहीतरी सांगून जातो. चेहऱ्याला एवढाही वेळ लागत नाही.

मग टीव्हीवर चांगला गुप्तहेर होणंच शक्य नाही का? शक्य आहे, १९९३ला तो आला. बासू चटर्जींचा 'ब्योमकेश बक्षी'. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित. त्या मालिकेचं कौतुक करताना एक गोष्ट मराठी माणसानं विसरू नये. ब्योमकेशचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ला मुंबईच्या चित्रपटधंद्यात आले आणि पन्नाशीच्या दशकात पुण्याला येऊन राहिले ते कायमचे. मधली पंधरा वर्षं त्यांनी ब्योमकेशला हात लावला नव्हता. तो पुन्हा उठला आणि त्याच्या उत्तरार्धातल्या कितीतरी कथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. कलकत्त्याच्या गल्ल्या पुण्याच्या हवेत. ब्योमकेशला गुप्तहेर हा शब्द आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. सत्य शोधणारा. आमच्या त्या जाड भिंगवाल्या चौकशी अधिकाऱ्यांना हा शब्द शोभला असता.

त्या वर्षी आई माझ्याकडे होती. काचबिंदूनं तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. बाकी मालिका लागल्या की ती माळ घेऊन आत जायची. कारण उघड होतं : संगीत वाजायचं, कुणीतरी कुणाकडे तरी रोखून बघायचं, आणि तिला काही कळायचं नाही. दर मिनिटाला "आता काय झालं रे?" विचारायची तिला लाज वाटायची. ब्योमकेशला मात्र ती भिंतीला टेकून बसायची. दोन माणसं खोलीत बसून बोलतायत, चहाचा कप वाजतोय, कुणीतरी येऊन आपली हकीगत सांगतंय. तिला सगळं कळायचं. एकदा तर ती माझ्याआधी म्हणाली, "हा दोनदा वेगळं बोलला बघ." मी पडद्याकडे बघत असूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला, पुढे कित्येक महिने घरात टीव्हीचं भान कुणालाच नव्हतं. पण नंतर तिनंच विचारलं, "तो बंगाली बाबू पुन्हा लागत नाही का?"

तेव्हापासून माझी एक कसोटी आहे. गुप्तहेराची मालिका डोळे मिटून कळते का, ते पाहावं. कळली तर तिच्या लेखकानं काम केलं आहे. न कळली तर कॅमेरावाल्यानं केलं आहे. मुंबई दूरदर्शनची 'एक शून्य शून्य' मी मेहुण्याकडे गेलो असताना पाहिली होती. पोलिसांच्या खऱ्या कामाचा वास असलेली, बिनभपक्याची मालिका, ती या कसोटीला बरीचशी उतरली असती. त्याच वाटेनं बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम पुढे १९९८ला 'सीआयडी'कडे गेले. साटम मुळात बँकेतले, त्यामुळे माझा त्यांच्यावर थोडा पक्षपाती लोभ आहे. पण 'सीआयडी' वीस वर्षं चालली, २०२४च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं तर दार तोडणं. आता दार तोडल्याचा आवाज आंधळ्यालाही येतो, कबूल आहे. पण दार का तोडलं हे कळायला हवं की नको?

मध्यंतरी एक उलटी गोष्ट घडली आणि ती बंगालात घडली. कोलकात्याच्या एका एफएम केंद्रानं २००९पासून दर रविवारी रहस्यकथांचं नाट्यवाचन सुरू केलं. ब्योमकेश, फेलूदा, होम्स, सगळे. सत्यजित राय यांच्या फेलूदाला १९८६ला हिंदी टीव्हीवर शशी कपूरचा देखणा चेहरा मिळाला होता, तो काही कुणाच्या फारसा मनात बसला नाही. तोच फेलूदा निव्वळ आवाजात परतला आणि तरुण पोरं कानात बोंडं घालून त्याच्या मागे लागली. म्हणजे लोकांना ऐकायचा कंटाळा आला होता हे खोटं. ऐकवणारे दमले होते.

आपल्याकडे अर्नाळकरांची हजार पुस्तकं पडून आहेत. सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथा आहेत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे १९८७ला टीव्हीवर आला, २०१७ला सिनेमात आला. त्याला नुसत्या आवाजात, सायकलच्या घंटीसकट, कुणी नीट का आणू नये? आमच्या नांदेड-परभणीच्या आकाशवाणी केंद्रांच्या आसपास उत्तम आवाजाची नाटकवाली पोरं आहेत, ती आज लग्नसमारंभात निवेदन करतात. त्यांना एक गुप्तहेर द्या. तो मराठवाडी बोलणारा असू द्या आणि या वेळी हसवण्यापुरता नको. तालुक्याच्या गावात सोसायटीच्या कर्जात, पीकविम्यात, जमिनीच्या फेरफारात जेवढी रहस्यं आहेत तेवढी कलकत्त्याच्या कुठल्याही वाड्यात नसतील. बँकेतली अडतीस वर्षं मी ती डोळ्यांनी पाहिली आणि, सांगायला शरम वाटते, त्यातली बरीचशी मला कळली नाहीत.

गेल्या नवरात्रात माहूरला गेलो होतो. मास्तर कधीच गेले. दुकानाच्या जागी त्यांचा नातू मोबाइल विकतो, रिचार्ज करतो. कोनाडा मात्र भिंतीत अजून आहे, तसबीरही आहे, तिच्याखाली चार्जरच्या वायरी लोंबतात. हरकाम्या पोरगा आता म्हातारा झालाय, गडाच्या पायथ्याशी ओटीचं सामान विकतो. मी त्याला ईगलची आठवण दिली तर म्हणाला, "त्या गोष्टीतली बाई मेलीच नव्हती, मी तवाच सांगितलं होतं." मी म्हटलं, "पण आपल्याला शेवट कुठं कळला?" तो म्हणाला, "मले कळला होता," आणि गिऱ्हाइकाला नारळ मोजून द्यायला लागला.

मास्तरांच्या नातवानं माझ्या मोबाइलवर जुना ब्योमकेश शोधून दिला. रात्री भक्तनिवासाच्या खोलीत मी तो लावला आणि मोबाइल उशीजवळ पालथा ठेवला. पत्नी म्हणाली, "अहो, बघायचं नाही तर लावला कशाला?" मी म्हटलं, "थांब जरा, तो माणूस आता काय सांगतो ते ऐकू दे."